दारात नेली की हिरवी

११ मे १९९९. शटर उघडल्या उघडल्या उंब्रजच्या म्हातारीचा फोटो पुन्हा छापायला लावला. म्हातारी गेल्या वर्षी गेलेली. तिचा एकच फोटो होता. कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत, नखाएवढा चेहरा. तो स्कॅन करून मी मोठा केला, तिच्या खांद्यावरचा परका हात पुसला, पदर नीट केला. परवा वर्षश्राद्ध होतं, त्याआधी तो भिंतीवर लागायला हवा होता.

कराडातल्या आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आणायचा हट्ट माझा. नवरा डार्करूममधला माणूस. गिऱ्हाइकं जिथे केस विंचरायची त्या खोपट्यात त्याने तो बसवला आणि धूळ नको म्हणून काच लावून घेतली. पंखा लावला की कागद उडायचे. मे महिन्यात मी तिथे बरणीतल्या लोणच्यासारखी मुरत असायचे.

स्क्रीनवर म्हातारी खणखणीत काळी-पांढरी. कागदावर हिरवट, कारण प्रिंटर करडा रंगही रंगीत शाया मिसळूनच काढायचा. रंग कमी-जास्त करून ट्यूबखाली जमवली, तर दारातल्या उन्हात पुन्हा हिरवट-पिवळी. उन्हासाठी जमवली, तर ट्यूबखाली गुलाबी. नुसत्या काळ्या शाईत छापली, तर तोंडावर देवीचे वण आल्यासारखे ठिपके. त्यात मी तिच्या नवऱ्याला आधीच स्क्रीन दाखवून बसले होते.

दुपारी म्हातारबाबा आले. कागद घेऊन सरळ दारात गेले.

“आवं बाई, ही आजारी दिसतीया.”

“जरा रंग चढलाय, बाबा. भिंतीवर कळणार नाही.”

“कळंल की. कावीळ झाल्ती तवा अशीच व्हती शेवटाला. तशी नगं मला.” त्यांनी काचेतून स्क्रीनकडे बोट केलं. “ती आतली द्या. ती चांगली हाय.”

“ती देता येत नाही.”

“का? माझीच हाय न्हवं?”

काउंटरवरून नवरा हसला. “दे आता टीव्हीसकट बांधून.”

“तुम्ही गप्प बसा हो.”

म्हातारबाबा रागावले नाहीत, बाकावर बसून राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माठ त्यांच्या शेजारी होता, म्हणून मी दुपारभर पाणीसुद्धा प्यायला बाहेर आले नाही. आत बसून बटणं दाबत राहिले. प्रिंटरमधून एकामागून एक आजारी बायका बाहेर येत राहिल्या.

एसटीची वेळ झाली तसे ते उठले. “उद्या येतो,” एवढंच म्हणाले. त्या ‘उद्या’नं मी हबकले. उद्याही हेच होणार होतं. शाई काही काळी-पांढरी व्हायला तयार नव्हती. मग शाईच नको, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन, बाहेरचा उजेड नको म्हणून खोपट्याच्या काचेवर काळं कापड टाकलं, स्टँडवर कॅमेरा चढवला आणि स्क्रीनवरच्या म्हातारीचाच काळ्या-पांढऱ्या रोलवर फोटो काढला. शटर सेकंदभर उघडं ठेवलं, म्हणजे स्क्रीनवर सरकणारे पट्टे येत नाहीत. रोल नवऱ्यापुढे धरला.

“शेवटी आलीस माझ्याच अंधारात.”

“धुवा आधी. मग बोला.”

त्याने मोठा करून कागदावर उतरवला. बारीक आडव्या रेघा होत्या, पण हिरवं काही नव्हतं. ट्यूबखाली पाहिला, उन्हात पाहिला, सारखाच. वाळल्यावर फ्रेममध्ये घातला. बाबा येऊन पुन्हा बाकावर बसायच्या आत मीच निघाले आणि उंब्रजची गाडी धरली.

ते अंगणात धोतर वाळत घालत होते. त्यांना हाक मारून मी फ्रेम उन्हातच धरली.

“ह्या रेघा कसल्या?”

“कॉम्प्युटरच्या. त्या जाणार नाहीत.”

त्यांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली.

“ऱ्हाऊ द्यात,” म्हणाले. “पर आजारी न्हाई दिसत.”

सोप्यातल्या भिंतीवर खिळा मारलेलाच होता. मी स्टूल मागितलं आणि फोटो टांगून खाली उतरले.