राखकिड्यांची साक्ष

भागी कातकरीण शाळेची पायरी कधी चढली नाही, पण किड्यांबद्दल मला जे काही खरोखर येतं त्यातलं निम्मं तिनेच शिकवलं. मी पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा मास्तर. १९८९च्या उन्हाळ्यात सुकापूरच्या पलीकडच्या डोंगरात भुंगेरे शोधत होतो. झुडपं झोडपून घामाघूम झालेला मास्तर बघून मोळी बांधता बांधता ती हसली.

"हिरव्यात काय शोधताय? जळल्यालं बघा."

तिने जळक्या उतारावरचा एक ओंडका पायाने उलटला. खालून काळे, चपळ भुंगेरे सैरावैरा पळाले. पुस्तकात त्यांना लांबलचक नाव होतं, ती नुसतं राखकिडा म्हणायची. "आग लागल्यावर तीन दिस येत नाय. चवथ्या दिसाला बघा."

मला ते पटलं नाही. मला दुसऱ्याचं काहीच लवकर पटत नाही. भाताच्या रोपांसाठी शेतकरी पालापाचोळा जाळून राब भाजतात, तेव्हा कधी कधी आग डोंगरात शिरते. अशा प्रत्येक ठिकाणी तीन उन्हाळे मी रोज गेलो, ओंडके उलटले, मोजलं, वहीत लिहिलं. बाई एकदाही चुकली नाही.

१९९२च्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी, डोंगराच्या मागच्या अंगाचा उतार जळालेला फॉरेस्ट गार्डला दिसला. भागीचा नवरा शुक्रा शनिवारपर्यंत वीटभट्टीवर होता. रविवारी वाडीवर परतला आणि त्याच बाजूच्या वाटेने मोळी घेऊन येताना गार्डनेच त्याला पायथ्याशी पाहिलं होतं. झालं! आग यानेच लावली म्हणून त्याला फॉरेस्टच्या चौकीत नेऊन बसवलं.

त्याच दुपारी भागी धापा टाकत माझ्या दारात आली. "मास्तर, वही घ्या. किडे बघू."

आम्ही उतारावर गेलो. पहिलाच ओंडका उलटला आणि मी आनंदाने ओरडलो. राखकिडेच राखकिडे! मी बाटली भरून घेतली, वहीत नोंद केली. चौकीकडे जाताना माझं तोंड थांबत नव्हतं. अर्ध्या वाटेत भागी म्हणाली, "रविवारी नाय लागली, येवडंच सांगितलं तर बास का?"

"एवढंच कशाला? गुरुवारी किंवा त्याच्याही आधी! ठणकावून सांगतो."

ती पुढे चालू लागली.

रेंजर शांत माणूस होता. त्याने माझं व्याख्यान ऐकलं, वहीची पानं चाळली, बाटली उजेडात धरली. "मान्य. शुक्रा नाही. मग गुरुवारी तिथे कोण होतं?"

मी विजयी मुद्रेने भागीकडे वळलो. "सांग ना, तुला डोंगरावरचं सगळं ठाऊक असतं."

"मीच व्हते," ती म्हणाली.

खायला उंदीर धरायचा म्हणून तिने बिळाच्या तोंडाशी आगटी पेटवून आत धूर कोंडला होता. बाकीची तोंडं दगडांनी बुजवली, एक राहिलं. उंदीर तिथून निसटला आणि ती त्याच्या मागे धावली. आगटीवर माती टाकायची राहून गेली. "परत आले तवा गवत पेटलं व्हतं. फांदीनं झोडपली, झोडपली. नाय इझली, साहेब."

सगळी वाट ती काय विचार करत होती ते मला तेव्हा उमगलं. नवरा सोडवायला तिने पुरावा आणला होता आणि तो पुरावा तिच्यावरच येणार हे तिला ठाऊक होतं. वाटेत तिने मला अडवून बघितलं, पण मी ऐकण्याच्या भानावर होतो कुठे? मला माझीच लाज वाटली.

शुक्रा बाकावरून उठला. त्याच्या जागी भागी जाऊन बसली. रेंजरने वहीतलं त्या दिवसाच्या नोंदीचं पान माझ्यापुढे सरकवून सही मागितली. मी पेन हातात धरून तसाच राहिलो.

"करा, मास्तर," भागी म्हणाली. "तीन वरसं मोजलंय ना तुमी? खरं हाय ते."

मी सही केली. खाली तारीख घालायला हात धजेना, ती रेंजरनेच घातली.