लाल गाडीत आधी कोण बसणार

दोनच सीटा? ज्याला सांगावं तो आधी हेच विचारायचा. आमच्याकडं गाडीची लायकी तिच्यात माणसं किती कोंबता येतात यावर ठरते. आमची सात सीटांची गाडी बारा माणसं घेऊन पैठणला जाऊन आलेली आहे, आणि त्या बारांत मी कायम मागं, मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी डब्यांची पिशवी. लायसन्स सतरा वर्षं पर्समध्ये होतं. स्टिअरिंग मागितलं की आमचे हे म्हणायचे, "इथं रस्ता खराब आहे, पुढं देतो." असं म्हणत म्हणत आम्ही घरी पोचायचो.

गेल्या वर्षी मी शाळेतून रिटायर झाले. गणित शिकवायचे. छावणीत माझ्या स्कूटीचं काम करणारा एक मिस्त्री आहे, त्याच्या पोरीला दहावीच्या गणितातून मी पार केलं होतं, त्यामुळं तो मला मान देतो. त्याच्या दुकानासमोर एक दिवस ती गाडी दिसली. लाल, बसकी, टप काढता येणारी. बॉडी फायबरची, एका बाजूला लांबलचक ओरखडा. मालक डॉक्टर होता, परगावी चालला होता, म्हणून दोन नव्या स्कूट्यांच्या भावात ती काढत होता.

मिस्त्री तासभर गाडीखाली आडवा होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मॅडम, हड्डी अच्छी है, चमडी पे मत जाओ. पार्टां नई मिलते, बनाना पडते. बना देंगे."

आता गणिताच्या बाईनं कसा विचार करावा? बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. पावसात टपातून पाणी आत. डिकीत गॅसचं सिलिंडर मावत नाही. आणि माझं वय अठ्ठावन्न! चार रात्री झोप नाही. रोज ठरवायचे, नको गं बाई, शोभत नाही. आणि रोज सकाळी स्कूटीचं काहीतरी निमित्त काढून छावणीत हजर. खरं सांगते, मला ती गाडी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा फक्त माझ्यासाठी काहीतरी हवं होतं, आणि ते हवंय म्हणायची लाज वाटत होती.

ह्यांना सांगितलं तर हे हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, "दादा बसू दे, मग बघू."

हा आमच्या घरचा रिवाज. ट्रॅक्टर असो की मोटरसायकल, बयाणा द्यायच्या आधी वाहन दारात आणायचं. घरातलं वडील माणूस आधी बसणार, हॉर्न वाजवणार, "बरी हाय" म्हणणार. मग व्यवहार. वडील माणूस बसलं नाही तर सौदा मोडला, त्यावर चर्चा नाही. आणि घरातलं वडील माणूस म्हणजे माझे थोरले दीर.

रविवारी भावजी आणि जाऊबाई पाचोडहून जीपनं आले. डॉक्टरनं संध्याकाळपर्यंत गाडी आणि चावी माझ्या ताब्यात दिली होती. मी सकाळी उठून ती धुतली, पुसली, स्वतः फाटकासमोर लावली. भावजींनी एक चक्कर मारली. बोटानं टकटक करून बघितलं.

"प्लॅस्टिक हाय व्हय हे?"

"फायबर आहे, भावजी."

"एकच." ते वळले, आत येऊन खुर्चीत बसले आणि चहा मागितला. "म्या नाय बसत असल्या डबड्यात. झालं."

आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, परस्पर काटा निघाला म्हणून निवांत! माझं डोकं फिरलं.

"भावजी, बसून नाही म्हणा. न बसताच कसलं नाही?"

"बाईमाणसाच्या खुळापायी म्या कशाला गुडघे मोडू?"

रडू येत होतं, आणि येतंय म्हणून आणखी राग येत होता. तीस वर्षं वर्ग गप केले, आणि या एका माणसापुढं माझी ही गत. टेबलावरची चावी उचलली. डॉक्टरला परत देऊन येते म्हणाले.

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दाराशी कपबशी घेऊन उभ्या होत्या. घरातल्या कुठल्याही बैठकीत मी त्यांना तोंड उघडताना बघितलेलं नाही. त्यांनी बशी ओट्यावर ठेवली.

"वडील माणसानंच बसायचं ना? मग मी बसते."

भावजी हसले. "तू कवापासून वडील झालीस?"

"तुमच्या आधी दीड वरीस."

जाऊबाईंनी पदराला हात पुसले आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, "माझ्या बापानं लग्नात माझं साल लपिवलं. पोरगी थोराड म्हणून सोयरीक मोडंल या भ्यानं. तुमच्या आईला ठावं होतं, तिनं बी तोंड शिवलं. मला शपथ घातली होती. आता ती दोघं बी गेली, अन् मी सत्तरीला आले. मला काय आता माहेरी धाडणार हायसा?"

भावजींच्या हातातली बशी तशीच हातात. हे फरशीकडं बघायला लागले. आणि मी, देवा शप्पथ, मोठ्यांदा हसले. आवरताच येईना.

जाऊबाई लुगडं सावरून बाहेर गेल्या. गाडी एवढी बसकी की त्या धप्पकन आत पडल्या. "अगं बाई!" म्हणाल्या. मग हात लांबवून हॉर्न दाबला, एकदा, आणि मन भरेना म्हणून परत. "बघती काय? काढ की."

मी दोन्ही क्लिपा सोडल्या, टप मागं टाकला आणि गाडी दौलताबादच्या रस्त्याला लावली. पडेगावच्या पुढं त्यांच्या डोक्यावरचा पदर उडाला. त्यांनी एकदा ओढून घेतला, परत उडाला, मग राहू दिला. त्यांचे केस एवढे पांढरे आहेत हे मला तेव्हा कळलं. शेजारून जाणाऱ्या रिक्षातल्या दोन बायकांनी मोबाईल काढले. जाऊबाईंनी त्यांना हात केला, पुढारी असल्यासारखा! घाटात मी मनातल्या मनात मारुतीचा धावा करत होते, पण गाडीनं सेकंड गिअरवर सगळी वळणं गुमान काढली. एक जीप आम्ही मागं टाकली. मी, ओव्हरटेक! मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही.

परतताना किल्ल्याखाली पेरू घेतले. तिखटमीठ लावलेली फोड चावत जाऊबाई म्हणाल्या, "मला जलमभर गाडी लागायची. पिशवी घेऊनच बसायची मी मागं. आज नाय लागली."

मी तिथूनच डॉक्टरला फोन केला. घेतली, मी म्हणाले. आवाज चिरकला, चिरकू दे. ते म्हणाले, मग गाडी परत आणू नका, कागद उद्या करू.

घरी आलो तर भावजी फाटकात उभे. हात मागं, नजर बोनेटवर. माझ्याकडं बघितलं नाही. बायकोला विचारलं, "काय ठरलं?"

त्यांनी बायकोला असं काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

जाऊबाई गाडीतून उतरल्या नाहीत. उरलेला पेरू भावजींच्या हातावर ठेवला.

"बरी हाय. घेतली. तुम्ही जीप घिऊन व्हा पुढं पाचोडला, मी हिच्यासंगं येते. अन् भाकरी टाकायला मी नाय म्हणून उपाशी बसू नका, आम्हाला उशीर हुईल."