आमची सागाची खाट

करावे गावात आमच्या शेजारी एक सुतार राहतो. हात थरथरायला लागले तेव्हा त्याचं काम सुटलं. आता तो जन्मभर घडवलेल्या खुर्च्या, पाळणे, कपाटं नातीच्या शाळेच्या रंगांनी कागदावर काढतो. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ब्रश चालवतो. पाणी कुठंही ओघळतं, पण लाकडाची एक रेष तो सोडत नाही. रंधा मारल्यावर फळी बघायचा, तसा एक डोळा मिटून कागद बघतो आणि मला विचारतो, "वैनी, खरा सांगा."

परवा त्यानंच घडवलेली आमची खाट कागदावर काढून आणली. ह्यांनी शेवटचं आजारपण काढलं, तीच. उशाकडची गाठसुद्धा जागच्या जागी.

"हुबेहूब हाय," मी म्हटलं.

"पायांचा रंग जमला नाय. एकदा खाट दाखवा."

माणूस गेलेली खाट आमच्या घरात ठेवत नाहीत. मी सांगून टाकलं, "फोडली. ह्यांच्या बाराव्याच्या जेवणाला चुलीत घातली."

त्यानं कागदाची गुंडाळी केली. मग म्हणाला, "धूर झाला?"

"अजिबात नाय."

"साग दोन वर्सं सुकवला होता," तो म्हणाला.