शिळं पाणी आणि मुकं कथील

इस्माईलभाई गेल्याचं मला भोरच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही केळीवाल्याकडून. "बाई, तुमचे कल्हईवाले चाचा गेले की हो," असं म्हणून त्यानं केळी माझ्या पिशवीत ठेवली. मी तशीच बाकावर टेकले. वेल्ह्याची गाडी लागली, भरली, निघूनही गेली… आता दीड महिना झाला, तरी 'तुमचे' हा शब्द मनातून जात नाही. होतेच ते आमचे. छाती फुगवून सांगते!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका लहान शाळेत विज्ञान शिकवत होते. गावकऱ्यांनी शाळेला तोटीचं मोठं पितळी पिंप दिलं होतं. पाण्याला पितळेची चव लागू नये म्हणून त्याला आतून कल्हई असे, आणि ती दरवर्षी इस्माईलभाईच करायचे. भाता-कोळसा टेम्पोत टाकून ते भोरहून यायचे. नवसागराचा पांढरा धूर उठला की मुली वर्ग सोडून खिडकीत. मी ओरडायची आणि मग स्वतःच जाऊन उभी राहायची. कथलाची कांडी वापरण्याआधी ते ती कानाशी धरून वाकवत. "चोख कथील बोलतं बाई, कुरकुर करतं. शिसं मिसळलं की मुकं."

त्याच सुमारास पुण्याला शिक्षकांच्या शिबिरात ऐकलं, की पाण्यातलं शिसं ना दिसतं, ना वास येतो, उकळून जात नाही, आणि बाधतं ते मुलांच्या मेंदूला. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. मुख्याध्यापक हसले, "अहो, डोंगरातलं पाणी आपलं. गंगाजळ!" पण मी हट्टी. पिंपातलं पाणी बाटलीत भरून पुण्याला प्रयोगशाळेत पाठवलंच. निकाल आला, काही दोष नाही. मुख्याध्यापकांनी मला आठवडाभर चिडवलं.

इस्माईलभाई बाजारच्या दिवशी भेटले तेव्हा मी त्यांना हौसेनं हे सांगितलं. ते हसले नाहीत. शाळेत आले आणि विचारलं, "बाटलीतलं पानी कवाचं व्हतं?" पाणी भरणाऱ्या कोंडाबाई पुढं झाल्या. "कवाचं म्हंजे? ताजं! शिळं पानी पुन्याला धाडायचं व्हय? लोकं काय म्हंतील? पिंप लख्ख घासलं, नवं पानी भरलं, मगच बाटली भरली." मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणे विज्ञानाच्या बाई! सोमवारी सकाळी आमच्या मुली शनिवार दुपारपासून कल्हईत मुरलेलं पाणी पीत होत्या, आणि मी तपासून आणलं ताजं.

"सोमवारचं शिळंच धाडा, आन उरलेलं शिळं पोरींनी प्यायच्या आधी झाडास्नी घाला," इस्माईलभाई म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला शंका आहे का? त्यांनी पिंपात हात घालून कल्हईवरून बोट फिरवलं. "औंदाचं कथील बोललंच न्हाई, बाई. म्या समजलो, माजेच कान गेले. भांडी ठोकून ठोकून जात्यात. कुनाला बोललो न्हाई. कान गेलेल्या कल्हईवाल्याला काम कोन देनार?"

विचार करा. निर्दोष निकाल माझ्या हातात होता. हा माणूस गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! दुसऱ्या बाटलीत शिसं निघालं. पिंप ज्या विहिरीवरून भरायचो तिचं पाणी वेगळं तपासलं, ते स्वच्छ होतं. दोष कल्हईचाच.

पालकसभेत मुख्याध्यापक आडवळणानं बोलत होते. इस्माईलभाई मागून उठले. "चूक माजी हाय. कथील मुकं व्हतं आन म्या लावलं." काही जण अंगावर धावून गेले. भोरमध्ये किती घरांनी त्यांच्याकडची भांडी काढून घेतली. पण गडी हटला नाही. ते कथील जिथं जिथं वापरलं होतं, त्या विंझर, आंबवड्यापासून वरच्या धनगरवाड्यांपर्यंत ते पायी फिरले, जुनी कल्हई खरवडून काढली, नवी केली. रविवारी मीही सोबत जायची. प्रत्येक ठिकाणी एखाद्या मुलीला बोलवायचे, कांडी तिच्या कानाशी वाकवायचे. "पोरी, बोलतंय का गं?" ती 'व्हय' म्हणाली तरच भाता चालू. एकदा दोन मुली 'न्हाई' म्हणाल्या, तर सगळा माल त्यांनी दुकानदाराच्या दारात नेऊन आपटला.

आमच्या पिंपाची तिसरी बाटली गेली, ती सोमवारच्या शिळ्या पाण्याची. मुख्याध्यापकांनी निकाल स्वतः प्रार्थनेच्या वेळी वाचला. इस्माईलभाई पुढच्या रांगेत असूनही मला विचारतात, "काय म्हनले?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "शिसं नाही!" सगळी शाळा हसली. मी मात्र रडले, लाज कसली त्यात.

परवा सोमवारी शाळेत गेले होते. पिंप केव्हाच मोडीत निघालं, आता स्टीलची टाकी आहे. तिथं कल्हई नाही की काही नाही. तरी पाचवीतली एक मुलगी घंटेआधी तोटी सोडून पाण्याच्या दोन बादल्या जास्वंदीला घालत होती. मी विचारलं, "हे काय गं?"

"हे चाचांचं पानी, बाई. आमचं मागून."

"कोण चाचा?"

तिनं खांदे उडवले. "म्हाईत न्हाई. पन त्यांचं आधी काडायचं आस्तं."