कुंकू लागलेलं कडं

खंडेनवमीला सातपूरच्या कारखान्यांत झेंडू आणि यंत्रांवर सोडतात त्या कूलंटचा मिळून एक वास येतो. आज शिफ्ट संपवून निघताना तो नाकात शिरला आणि बाबा आठवले.

त्यांच्या छोट्या वर्कशॉपला तेव्हा अंतराळयानासाठी धातूचं एक कडं बनवायचं काम मिळालं होतं. पुढे माणसं घेऊन जाणार होतं ते यान. खंडेनवमीला बाबांनी लेथला हार घातला, हत्यारांना कुंकू लावलं आणि तयार झालेल्या त्या कड्यालाही लावलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहून डोक्याला हात लावला.

“काका, याला नुसतं बोट लागलेलंही चालत नाही. रिजेक्ट.”

“त्यात माणसं बसणार ना साहेब?” बाबा म्हणाले. “मग रिकाम्या कपाळानं कसं पाठवू?”

मला तेव्हा साहेबांचंच पटलं होतं. आता मीही तपासणीतच आहे. दिवसभर हातमोजे घालून ‘रिजेक्ट’ म्हणता म्हणता जीभ जड होते.

घरी आलो तर टीव्हीवर अंतराळवीर हसत हात हलवत होते. कुणाची तरी पोरंच ती.

बाबांचं कडं अजून फळीवर आहे. हातपाय धुतले आणि त्याला कुंकू लावलं.