शिखर लिहिलेला दगड

पेंटरकाका पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे गाड्या लावू नयेत’च्या. अक्षर सुबक, माणूस फुसका. मी साहित्य शिकलेला, म्हणून ते मला पाट्यांचं शुद्धलेखन तपासायला बोलावत. तिथून आमची मैत्री झाली.

दर रविवारी गल्लीतल्या चार-पाच जणांना घेऊन ते शहराबाहेरचा खडकाळ डोंगर चढत. गळ्यात शिट्टी. वाटेतल्या खडकांवर त्यांनीच काढलेले पांढरे बाण. बाण संपतात तिथे एक सपाट दगड आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात ‘शिखर’. त्या दगडामागे आणखी एक कातळ उभा होता. तो आम्हाला दिसायचा. पण तो डोंगराचा भागच नाही, असं काका सांगत. इतक्या रेखीव अक्षरात कोणी खोटं लिहील, असं आमच्या डोक्यात आलंच नाही. दगडाला पाठ लावून काका घाम पुसत आणि उंची, धैर्य वगैरेंवर बोलत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त इथे उंटही खोटा होता.

काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो डोंगर दिसतो. लग्न होऊन आल्यापासून त्यांना एकदा माथ्यावर जाऊन तिथून आपली खिडकी शोधायची होती. काका दरवेळी त्यांच्या गुडघ्यांचं निमित्त काढत. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. रविवारी पहाटे डबे मात्र त्याच भरून द्यायच्या.

त्या रविवारी काकू चपला काढून बूट घालूनच दारात उभ्या राहिल्या. आम्ही समोर होतो, काकांना नाही म्हणता आलं नाही. मग त्यांनी डब्यांची पिशवी काकूंच्याच खांद्यावर दिली. अर्ध्या वाटेवर शिट्टी वाजवून त्यांना एका झाडाखाली बसवलं. म्हणाले, पुढचा टप्पा बायकामाणसांचा नाही, येताना घेऊन जाऊ. आम्ही सगळे बाणांमागे पुढे निघालो. मीही. डबे काकूंकडेच राहिले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दगडापाशी पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. डब्यांची आठवण झाली. काका शिस्तीवर बोलू लागले. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

“अहो, तिथे काय बसलात?”

मागच्या कातळावर काकू उभ्या होत्या. खांद्यावर पिशवी.

“खाली ये. ते शिखर नाही,” काका म्हणाले.

“रोज भाजी चिरताना बघते मी हा डोंगर. माथा कुठला ते मला कळत नाही होय?”

बाण त्यांनी बघितलेच नव्हते. झाडाखालून उठल्या आणि जे सगळ्यात उंच दिसत होतं तिकडे चालत राहिल्या.

“जेवायचं असेल तर वर या,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

आम्ही चढलो. कातळ सरळ होता, पण हाताला धरायला खाचा होत्या. वर गेल्यावर कातळाआड दडलेलं अख्खं शहर समोर उघडलं. काकूंनी बोट दाखवलं. लांबवर, एका पिवळ्या इमारतीत, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेला लाल टॉवेल. तो त्यांनी सकाळी मुद्दाम टाकला होता. डबा उघडायचं सोडून त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या.

काका कातळाच्या पायथ्याशी आले. एक पाय खाचेत ठेवला. वर पाहिलं. पाय काढून घेतला. आमच्यातल्या शिंप्याने विचारलं, लीडर, येताय ना? काका म्हणाले, आज उपास आहे.

त्यांचा डबा आम्ही वाटून खाल्ला. मला वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी पाटी तपासायला त्यांच्याकडे गेलो. शेजारचे दोघे बसले होते. काका ब्रश हातात घेऊन सांगत होते, आज हिला शिखरावर नेलं, भीत होती, पण म्हटलं मी आहे ना. मी दारातच थांबलो. माणूस इतक्या सहज खोटं बोलू शकतो, हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

काकू आतून पाणी घेऊन आल्या. पेले ठेवले.

“हो, गेले मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुठपर्यंत आला होतात, तेही सांगा की.”

शेजारी काकांकडे बघू लागले. काका टेबलाखाली वाकून ब्रश शोधायला लागले. ब्रश त्यांच्या हातातच होता.