राष्ट्रपती उठायच्या आत

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी दादा मला पोचवायला आले नाहीत. पौडच्या एस.टी. थांब्यावर आई होती, धाकटा शंकर होता, माझी पत्र्याची ट्रंक वाडीपासून आळीपाळीने डोक्यावर आणणारे दोघे चुलते होते. वडील तेवढे नव्हते. आईने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा रेडिओपाशी बसल्यात. आज राष्ट्रपतीचं भाषण हाय. सांगितलंय, सगुणाला म्हणावं नीट ऱ्हा."

पोटची मुलगी साता समुद्रापलीकडे चाललीय, पुन्हा कधी दिसेल ठाऊक नाही, आणि बाप शाळेच्या ओट्यावर खोक्यापुढे बसलाय. गाडी कासार आंबोलीला थांबली तेव्हा उन्हं चढली होती. आत्ता दादा उभे राहिले असतील, असं मनात आलं आणि डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. इतका राग मला तोवर कुणाचा आला नव्हता. पुण्यापर्यंत मी ते फडकं सोडलं नाही आणि भाकरीही खाल्ली नाही.

हे मी शंकरसाठी लिहितेय, आणि वाडी सोडून जे जे मुंबईला, पुण्याला गेले त्यांच्यासाठीही. तुम्हाला दादांची गोष्ट माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. हसायची गोष्ट म्हणून ती तुम्ही गिरणगावात, रविवारच्या पत्त्यांच्या डावात सांगता, हेही मला कळलंय.

आमची वाडी मुळशीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला. खरं गाव खाली होतं. ते धरणात गेलं तेव्हा दादा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. आंबेमोहर पिकायचा ती जमीन पाण्याखाली गेली आणि आमच्या वाट्याला मुरमाड टेपाड आलं, त्यात नाचणी पिकली तर पिकली. ते पाणी कोकणात उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. आमच्या घरात रॉकेलची चिमणी. मी चौथीची परीक्षा दिली ती चिमणीच्या काजळीने नाक काळं करून दिली. तळ्याकडे तोंड करून बसायचं आणि चिमणीची वात वर करायची, यात काही चुकतंय हे लहानपणी कळतही नव्हतं.

मग पंचायतीचा रेडिओ आला. तो गुरुजींच्या ताब्यात, शाळेच्या ओट्यावर. वीज नव्हती म्हणून त्याला विटेएवढी जड बॅटरी लागायची आणि ती उतरली की पुण्याहून दुसरी यायला दोन-दोन महिने जायचे. म्हणून गुरुजी बटणाला फार जपत. शेतीची माहिती, बातम्या, आठवड्यातून एकदा गाणी. आणि फेब्रुवारीत, दिल्लीला दोन्ही सभांची मेंबरं एकत्र बसवून राष्ट्रपती भाषण वाचत, ते.

ते हिंदी आम्हाला अर्धंमुर्धं कळे. कुणी बिडी ओढी, कुणी भिंतीला टेकून घोरे, बायका गाणी कधी लागतील म्हणून पदर सावरत बसत. एक चुलते दर वेळी विचारत, "तांदळाचं काय म्हणलं का?" दादा मात्र सुरुवातीपासून उकिडवे बसून ऐकत. 'बिजली' हा शब्द आला की मान वर करत. भाषण संपत आलं, टाळ्या सुरू झाल्या की ते उठत, पायताण काढत, रेडिओपुढे उभे राहत आणि म्हणत, "आमची हरकत हाय. आमच्या पान्याचा उजेड आमाला न्हाई. ह्ये मुळशीकरांचं म्हननं हाय."

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावकीत थोरला कारभारी ठराव बोलून दाखवतो. ज्याला तो पटला नाही त्याने कारभारी जागचा उठायच्या आत, पायातलं काढून, उभं राहून हरकत बोलायची. कारभारी एकदा उठला की विषय मिटला. जो गप्प बसला त्याने रुकार दिला असं धरायचं, मग वर्षभर कुरकुर करायला तोंड नाही. दादांचं म्हणणं सरळ होतं. राष्ट्रपती म्हणजे देशाचा कारभारी. सगळी बैठक पुढ्यात बसलीय आणि तो सालाचा ठराव वाचतोय. मग हरकत घ्यायची ती आत्ताच.

गुरुजींनी त्यांना पाच-सहा वेळा समजावलं असेल की रेडिओतून आवाज फक्त इकडे येतो, तिकडे जात नाही. दादा म्हणत, "गुर्जी, ज्या वाटनं येता येतं त्या वाटनं जाता बी येतंय. आमी पौडाला जातो, तीच वाट माघारी येतीया न्हवं?" फक्त बॅटरी चालू असेपर्यंत वाट उघडी, बटण बंद झालं की कारभारी उठला, एवढं दादांनी धरून ठेवलं होतं. लोक हसत. गुरुजी मात्र दादांचं बोलून होईपर्यंत बटणाला हात लावत नसत, हे त्यांचं मोठेपण.

आता माझं ऐका.

मी पुण्याला नर्सिंग शिकत होते. शेवटच्या वर्षाला होते आणि अमेरिकेला पाठवायच्या मुलींच्या यादीत माझं नाव घालायचं की नाही, हे आमच्या मेट्रनबाईंच्या हातात होतं. त्या फेब्रुवारीत त्यांना मुळशीचं तळं बघायचं होतं. "तुझं गाव तिकडेच ना गं?" असं विचारून त्या आणि त्यांची एक मैत्रीण मला घेऊन आल्या. इस्त्रीची सुती साडी, काळा चष्मा, हातात थर्मास. आईने घोंगडी अंथरली. नेमका भाषणाचा दिवस. आम्ही शाळेच्या ओट्यावर गेलो, कारण सगळी वाडी तिथेच होती. गुरुजी तापाने पडले होते म्हणून रेडिओ माझ्या शेजारी ठेवला, शिकलेली म्हणून.

टाळ्या सुरू झाल्या. दादा उठले. पायताण काढलं. मेट्रनबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच विचारलं, "तुझे वडील कुणाशी बोलताहेत?" त्यांची मैत्रीण रुमाल तोंडाला लावून हसत होती. दादांनी "आमची" एवढाच शब्द उच्चारला आणि मी बटण फिरवलं.

"बॅटरी उतरली वाटतं," मी म्हणाले.

दादा तसेच उभे राहिले. मग त्यांनी पायताण घातलं आणि खाली बसले. संध्याकाळी आईला म्हणाले, "ह्या सालाची हरकत ऱ्हायली." त्यांचा आवाज चढला नव्हता. शेतातलं एखादं काम राहून गेलं की माणूस सांगतो तसं त्यांनी सांगितलं.

त्याच साली वीज द्यायच्या गावांची यादी चावडीवर लागली. आमच्या आजूबाजूची दोन गावं तीत होती, आमची वाडी नव्हती. मला ठाऊक आहे, यादी कचेरीत बसून कुणीतरी केली, तिचा आणि माझ्या बोटांचा काडीचा संबंध नाही. मी शिकलेली आहे. पण दादा शिकलेले नव्हते. ते चावडीवरून आले आणि म्हणाले, "हरकत नोंदलीच न्हाई, तर यादीत कसं असंल?" ओट्यावर हसणारे तेच लोक आता म्हणू लागले, म्हातारा गप बसला त्या साली, म्हणून गेलं. आणि मी तोंडात गुळणी धरून पुण्याला निघून गेले. माझं नाव मात्र अमेरिकेच्या यादीत आलं.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत, मी निघाले त्या दिवशी, दादा रेडिओपाशी होते. शंकरने पुढे कधीतरी पत्रात लिहिलं की त्या दिवशी ते सकाळपासून बटणावर हात ठेवून बसले होते आणि गुरुजींनाही त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. मी थांब्यावर ज्याच्या नावाने दातओठ खात होते ते काम माझ्यामुळेच त्यांच्या मागे लागलं होतं.

इथलं हॉस्पिटल मोठं आहे. पहिल्या हिवाळ्यात स्नो बघून रडू आलं, दुसऱ्या हिवाळ्यात सवय झाली. वीज इतकी की दिवसाढवळ्या जिन्यात दिवे जळतात. पहिले काही महिने मी येता-जाता ते विझवायची. शेवटी हेड नर्सने सांगितलं, "मिस, ते तुमचं काम नाही."

इथेही राष्ट्राध्यक्ष दर जानेवारीत मेंबरांपुढे उभे राहून भाषण करतात आणि ते टेलिव्हिजनवर दिसतं. एका साली त्या संध्याकाळी माझी ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात होती. जेवणं आटोपली होती. चालते-फिरते पेशंट लाउंजमध्ये खुर्च्या ओढून बसले होते. एक जण घरात बसल्यासारखा टाळ्या वाजवत होता. एक जण म्हणत होता चॅनेल बदला, आणि त्याला सांगावं लागलं की सगळ्या चॅनेलवर हेच आहे. एक जण टाळ्या मोजत होता. पडद्यावर निम्मी सभा उठून उभी राही आणि निम्मी हाताची घडी घालून बसून राही. मला ते बघून हसू आलं, कारण आमच्या गावकीत उभा राहतो तो विरोधात असतो.

बारा नंबरचा पेशंट म्हातारा होता. जन्मभर कोळशाच्या खाणीत काम करून छाती खलास झालेली. तो पहिल्यापासून पडद्याशी भांडत होता. "खोटं आहे," म्हणे. "आमच्याबद्दल बोल की. आमच्या गावाबद्दल एक शब्द बोल." दर वाक्यानंतर त्याला धाप लागे. बाकीचे त्याला गप्प करत होते, टाळ्या मोजणारा तर हसून लोळत होता. हेड नर्स दारातून म्हणाली, "सेट बंद करा, मिस. त्याला हे सोसायचं नाही."

मी उठून सेटपाशी गेले. बटणाला हात लावला. म्हातारा खुर्चीचे हात धरून उठायची धडपड करत होता. म्हणाला, "थांब पोरी. तो अजून तिथून हललेला नाही. माझं बोलून होऊ दे."

मी हात काढून घेतला. म्हातारा उभा राहिला, त्याला जे बोलायचं होतं ते बोलला, शिव्यांसकट, आणि बसला. मी त्याला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या फाईलीत लेखी ताकीद आली. म्हातारा आठवड्याने घरी गेला, जाताना माझ्याशी नीट बोललाही नाही. त्याचा राग माझ्यावर नव्हता, पण आभार मानायला त्याला सवड नव्हती.

भाषणाच्या त्याच रात्री मी दादांना पत्र लिहिलं होतं. त्या साली बॅटरी उतरली नव्हती, बटण मी फिरवलं, मला तुमची लाज वाटली. म्हाताऱ्याचंही लिहिलं. महिन्या-दीड महिन्याने शंकरच्या अक्षरात उत्तर आलं. त्याने दादांचे शब्द जसेच्या तसे घातले होते: "मला ठावं हाय. तिचा हात मी बघितला व्हता. पोरीला जायचं व्हतं, जाऊ दिली. पन तिला इचार, त्यो म्हातारा बोलला ते झ्याक झालं. ती तितं उठून काय बोलली?"

मी काहीच बोलले नव्हते. या प्रश्नाचं उत्तर पाठवायच्या आधी दादा गेले.

शंकर, आता तुझं पत्र आलंय की वाडीत खांब आले, घरात दिवा लागला. तू लिहितोस, घरोघर ट्रान्झिस्टर झालेत, भाषणाच्या वेळी लोक दुसऱ्या स्टेशनवर गाणी लावतात. पुढे लिहितोस, "उजेड आला, आता हरकत कशाची घ्यायची?" हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांनी घरात एक दिवा टांगला आणि तुमची तोंडं शिवली. जमीन वर आली का? आंबेमोहर वर आला? की त्यालाही आता तुमचा रुकार आहे? दादांना हसत होतात तेव्हा निदान ओट्यावर तरी येत होतात.

मला विचारतोस, घरची आठवण येते का. तळं आठवतं, आई आठवते, पण घर म्हणून जे मनात येतं ते एवढंच: आपला माणूस पायताण काढून उभा राहिलाय आणि त्याचं बोलून होईपर्यंत कुणी बटणाला हात लावत नाहीये. असं घर मला एकदा मिळालं होतं आणि मीच ते बंद केलं.

परवा जानेवारीतलं भाषण झालं. माझी सुट्टी होती. खोलीतल्या दोघी नर्सेस सोफ्यावर पाय घेऊन नखं रंगवत बघत होत्या. टाळ्या सुरू झाल्या तशी मी उठले, चपला काढल्या, टेलिव्हिजनपुढे उभी राहिले आणि आपल्या बोलीत मोठ्याने हरकत बोलले. त्यातली एक हसत म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं?" आणि लुकलुकत्या पडद्यापुढे वाकून तिने बटणाकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.